एकनाथ तांबटांचं पांढरं इंजिन

एकनाथ तांबट हे नाव आजही भिवंडीच्या नारपोलीत काढलं, तर लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "कोण हो हे?" माणूस विसरला जावा आणि त्याच्यावरचं हसू तेवढं मागे उरावं, असं भाग्य फार थोड्यांना लाभतं. हे हसू गावाला ज्यानं पुरवलं त्या गृहस्थाला मी चांगला ओळखतो. रोज सकाळी दाढी करताना आमची भेट होते. त्याच्याविषयी पुढे ओघानं येईलच. आधी एकनाथरावांविषयी, कारण त्यांच्याबद्दल जे सांगितलं जातं ते बरंचसं खोटं आहे, आणि जे खरं आहे ते कोणी मला विचारलेलं नाही.

एकनाथराव गाड्यांची इंजिनं सजवत. दुरुस्त करत नसत. इंजिन चालतं कसं याच्याशी त्यांना फारसं कर्तव्य नव्हतं. ते दिसतं कसं, एवढ्याशीच त्यांचा संबंध.

दोन हजार सालानंतरची ती पाच-सहा वर्षं. मानकोलीकडच्या शेतांवर गोदामं उठत होती. ज्या जमिनीत आजोबांनी भात काढला, तिच्यात नातवांना पत्र्याच्या शेड उगवलेल्या दिसल्या आणि प्रत्येकाच्या दारात मोठी डिझेल गाडी आली. गाडी सगळ्यांकडे आल्यावर मोठी अडचण झाली. आपली गाडी चुलत्याच्या गाडीपेक्षा वेगळी, हे जगाला कळणार कसं? बाहेरून जे करण्यासारखं होतं ते पहिल्याच वर्षी संपलं. वाघाच्या आवाजाचा हॉर्न झाला, मागच्या काचेवर घराण्याचं नाव झालं, आरशाला झालर झाली. मग कोणीतरी बॉनेट उघडलं आणि आत अजून भरपूर जागा शिल्लक आहे, हा शोध लागला. त्या जागेवर एकनाथराव आधीच हक्क सांगून बसले होते.

त्यांचे वडील भांड्यांना कल्हई लावत. ते स्वतः आधी कापड विणणाऱ्या लूमच्या सुट्या भागांना निकेल चढवून देत. पण लूमचा मालक कापडाकडे बघतो, लूमकडे बघत नाही, याचा त्यांना राग यायचा. म्हणून ते इंजिनांकडे वळले. इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण, हवेचा पाइप, पट्टा फिरवणारी चाकं, अगदी नट-बोल्टसुद्धा ते सोडवून आणत. काहींना बफिंगच्या चाकावर घासून आरसा करत, काहींना क्रोम चढवत, काही रंग फवारून भट्टीत भाजत. भट्टी म्हणजे एक जुनं लोखंडी कपाट. लोक ज्या कपाटात दागिने ठेवतात त्यात हा माणूस इंजिनाची झाकणं ठेवी, आणि दोन्हींच्या किमतीत त्याला फरक वाटत नसे.

रंगांना त्यांनी स्वतःची नावं दिली होती. सोनेरीचे तीन प्रकार: लग्नाचं सोनं, गहाणाचं सोनं आणि शेजाऱ्याचं सोनं. शेवटचं सगळ्यात जास्त चमके. एक रंग भट्टीत आकसून त्याच्यावर बारीक सुरकुत्या येत, हात लावला की खरखरीत लागे. त्याला ते 'सासूबाई' म्हणत. गिऱ्हाईक मोठ्या आवाजात सांगे, "एकनाथशेठ, माझ्या गाडीला सासूबाई बसवा," आणि गल्लीतल्या बायका खिडक्या लावून घेत.

मी समोरच्याच घरात राहत होतो आणि हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवत होतो. त्यांच्या बफिंगची काळी धूळ माझ्या तपासलेल्या पेपरांवर बसे. नापास मुलांचे पेपर आणखी काळे दिसत. एका रविवारी मी तक्रार करायला गेलो. त्यांनी हात जोडून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, ही धूळ नाय. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम आहे. तुम्हाला फुकटात घरपोच जातंय." मग त्यांची नजर माझ्या स्कूटरवर गेली. तिला दोन आजार होते: ती सुरू होत नसे आणि ती दिसायला दरिद्री होती. संध्याकाळपर्यंत त्यांनी दुसरा आजार समूळ बरा केला. पुढे दोन वर्षं मी भिवंडीतली सर्वांत देखणी स्कूटर ढकलत शाळेत नेत होतो.

त्यांची मिशी मोठी होती आणि ती त्यांच्या कारखान्यातलं मुख्य यंत्र होती. घासलेला भाग ते तोंडासमोर धरत आणि त्यात बघून मिशीला पीळ देत. केस न् केस वेगळा दिसला की काम पुरं. नाही दिसला तर भाग पुन्हा चाकावर. एका गिऱ्हाइकानं घाई केली तेव्हा त्यांनी तो भाग त्याच्यापुढे धरला आणि म्हणाले, "शेठ, ह्याच्यात तुमचं तोंड बघा. पसंत आहे? मला पण नाय. अजून घासावं लागेल."

कोणी विचारलंच की बॉनेटच्या आतलं बघतो कोण, तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "कोण बघतंय म्हणून लोक आतून फाटका बनियन घालतात. अ‍ॅक्सिडेंट झाला की मग हॉस्पिटलात लाजतात."

नियमही त्यांचे होते. कशेळीच्या एका शेठनं इंजिनाच्या झाकणावर कुलदैवत रंगवून मागितलं. एकनाथराव सरळ नाही म्हणाले. देवाला चुलीवर बसवायचं नसतं, डॅशबोर्डवर बसवा, तिथे निदान एसी आहे. शेठ रागावून गेला, दुसऱ्याकडून रंगवून घेतलं, आणि पहिल्याच उन्हाळ्यात देवाचा चेहरा भाजून तपकिरी झाल्यावर परत आला. एकनाथरावांनी देव उतरवला, उतरवण्याआधी चपला काढल्या.

ते चुकत नसत असं मात्र कोणी समजू नये. एका व्यापाऱ्याच्या हौसेखातर त्यांनी रेडिएटरला शेजाऱ्याच्या सोन्याचे तीन हात दिले. गाडी कशेळीच्या पुलाच्या ट्रॅफिकमध्ये उकळली. व्यापारी संतापून आला, तेव्हा एकनाथरावांनी शांतपणे विचारलं, दारात उभी असताना उकळली का? नाही ना? मग चालवता कशाला? पण तो गेल्यावर त्यांनी दात घासायचा ब्रश घेतला आणि रेडिएटरच्या एकेका पातीतून सोनं खरवडून काढलं. त्यानंतर रेडिएटरला हात लावला नाही. लोकांना पहिलं वाक्य आठवतं. ब्रश मी माझ्या खिडकीतून पाहिला.

आता हळदीविषयी सांगायला हवं. आमच्याकडच्या आगरी लग्नात लग्न ही एक औपचारिक गोष्ट असते, खरा सोहळा आदल्या दिवशीची हळद. त्या वर्षांत हळदीच्या मांडवाबाहेर गाड्या ओळीनं लावून बॉनेट उघडी ठेवायची पद्धत पडली. प्रत्येक बॉनेटमध्ये ट्यूबलाइट टांगलेली. बारशाला बायका पाळण्याभोवती जमतात तसे पुरुष बॉनेटभोवती जमत आणि इंजिन कोणावर गेलंय याची चर्चा करत. एकनाथराव कडक पांढऱ्या शर्टात, हातात पिवळं फडकं घेऊन त्या ओळीपाशी उभे. शेवटच्या माणसानं शेवटचं इंजिन बघेपर्यंत ते जेवायला बसत नसत. जेवण संपून जाई ते निराळं.

मांडवात माइक माझ्याकडे असे. शाळेत इतकी वर्षं ज्यांच्यापुढे बोललो ती मुलं कधी हसली नाहीत. इथे पाचशे माणसं एका वाक्याला हसत. ही चटक काय असते ते ज्याला लागली त्यालाच ठाऊक. पंचक्रोशीत सूत्रसंचालनाला मास्तरच हवेत, असं होऊन बसलं होतं. अशाच एका हळदीत मी गमतीनं एकनाथरावांपुढे माइक धरला आणि विचारलं, रंगाची गॅरंटी काय? त्यांनी एक हात मिशीवर ठेवला आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं सांगितलं, "तांबटचा रंग सुटला, तर ही उतरवीन." टाळ्या पडल्या. टाळ्या घेण्याचं काम त्यांनी मला विचारून केलेलं नाही, हेही माझ्या मनात नोंदवलं गेलं असावं.

मानकोलीच्या कमळाकर पाटलांच्या मोठ्या मुलाचं लग्न ठरलं. कमळाकरशेठनी सगळी सोनेरी इंजिनं पाहून झाली होती, आणि सोनेरी आता कोणाकडेही असतं, असं त्यांचं मत झालं होतं. ते एकनाथरावांना म्हणाले, "आपले गारीला शुभ्र पायजे. दुधासारखा. आतून उघरला का डोले दिपले पायजेत."

काळ्या तेलात जगणारी वस्तू पांढरी करायची. दुसरा कोणी असता तर हसून सोडून देता. एकनाथरावांनी दुसरी सगळी कामं बाजूला ठेवली. पांढऱ्याचे डबे फुटले, भट्टीत पांढरा पिवळट होऊन बाहेर आला की ते तो खरवडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत. शेवटी जमलं. पांढरी सासूबाई, तिच्यावर मोत्याची झाक. मला मुद्दाम बोलावून दाखवलं. "खाली तांबडा प्रायमर आहे, मास्तर," ते हळूच म्हणाले, "म्हणून वरचा पांढरा जिता दिसतो. कोणाला सांगू नका." धंद्यातलं गुपित सांगायला त्यांना अख्ख्या भिवंडीत मीच सापडलो.

हळदीच्या संध्याकाळी कमळाकरशेठनी बॉनेट उघडलं आणि पुरुषमंडळी खरोखरच गप्प झाली. इतका वेळ गप्प बसलेले आगरी मी त्याआधी फक्त श्रद्धांजलीच्या सभेत पाहिले होते. एकनाथराव एका बाजूला उभे राहून इंजिनाकडे न बघता लोकांच्या तोंडाकडे बघत होते. तेवढ्यात नवऱ्या मुलाची आत्या त्याला हळद लावून, परात घेऊन तिथे आली. तिचे हात भरलेले होते आणि मन मोकळं होतं. "गारीलाबी लावा की," ती म्हणाली, "ती काय परकी हाय?" आणि तिच्यामागून सगळ्या करवल्यांनी त्या दुधासारख्या इंजिनाला तेलात कालवलेली हळद यथासांग लावली. सासूबाईच्या प्रत्येक सुरकुतीत हळद गेली.

एकनाथरावांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण शुभकार्य होतं. ते कमळाकरशेठना एवढंच म्हणाले, की सकाळी साध्या पाण्यानं आणि मऊ फडक्यानं पुसा, निघेल. कमळाकरशेठ हो म्हणाले. मुलाच्या हळदीत बाप सगळ्यालाच हो म्हणतो.

सकाळी वऱ्हाड निघायचं होतं. दोन बस दाराशी उभ्या होत्या आणि मी माइकवरून माणसांना बसमध्ये घालत होतो. नवऱ्याची गाडी धुवायला कोणाला तरी सांगितलं होतं. त्यानं साधं पाणी घेतलं नाही. आचाऱ्याची मोठी पातेली घासायला गरम पाण्यात धुण्याचा सोडा कालवून ठेवला होता, ती बादली जवळ होती. साध्या पाण्यापेक्षा हे चांगलंच, असा विचार करून त्यानं ती बादली इंजिनावर ओतली.

गाडीच्या पोटातून तांबडं पाणी निघालं. थोडंथोडकं नाही. मांडवाच्या उतारावरून ते लाल ओघळ थेट दारातल्या रांगोळीपर्यंत आले. कमळाकरशेठची म्हातारी आई खुर्चीवर बसली होती, तिनं पाय वर घेतले आणि एकच शब्द म्हणाली. "रगत."

बँडवाला थांबला. लग्नाच्या सकाळी नवऱ्याच्या गाडीतून रक्त. कमळाकरशेठ धावत आले. पांढरं इंजिन कसायाच्या ओट्यासारखं दिसत होतं. त्यांनी गर्दीत एकनाथरावांना शोधलं.

"तांबटशेठ, काय केलात ह्या? आमचे शुभकार्यात?"

"मी लाल वापरलाच नाय," एकनाथराव म्हणाले. मग ते वाकले, त्या पाण्यात बोट बुडवलं, बोटाकडे बघितलं. आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेलं. ते पुटपुटले, मला ऐकू आलं, कारण मी तीन हातांवर होतो. "प्रायमर."

त्यांना खरंच वाटलं. पांढऱ्याखालचा तांबडा हात सुटला, आपलाच हात सुटला, असं त्यांना वाटलं.

दरवर्षी आठवीच्या वर्गात मी हळदीचा कागद सोड्याच्या पाण्यात बुडवत असे. कागद रक्तासारखा लाल होई, मुलं ओरडत. मग मी त्याच्यावर लिंबू पिळी, कागद पुन्हा पिवळा होई. इतक्या वर्षांत हा एकच प्रयोग माझ्या हातून कधी फसलेला नाही. आणि त्या सकाळी त्या गाडीच्या बंपरला, दृष्ट लागू नये म्हणून, एक टवटवीत लिंबू मिरच्यांसकट टांगलेलं होतं. माझा हात पोचत होता. पण त्या हातात माइक होता.

मी म्हणालो, "मंडळी, घाबरू नका. नवरीच्या आधी इंजिनानंच कुंकू लावून घेतलं."

मांडव हसून फुटला. म्हातारीसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. बँड पुन्हा सुरू झाला. कमळाकरशेठनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, मास्तरांनी आज लाज राखली. कोणाची, ते विचारायला मला वेळ नव्हता. बस सुटायच्या होत्या.

बरीच वर्षं मी स्वतःला हेच समजावलं, की मी एक लग्न वाचवलं. अपशकुनाचं हसू केलं, यात गैर काय? पण हळदीत सोड्यासारखं काही मिसळलं की कुंकू होतं, हे माहीत असल्याशिवाय तो विनोद सुचतच नाही. तो सुचला याचाच अर्थ मला सगळं ठाऊक होतं. लिंबू पिळायला जेवढा वेळ लागला असता त्याहून कमी वेळात मला टाळी मिळाली, एवढाच काय तो फरक.

एकनाथराव वऱ्हाडात आले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान नेहमीच्या वेळी उघडलं. मिशी नव्हती. गल्लीतल्या लोकांना आधी वाटलं, कोणीतरी नवा माणूस कामाला ठेवला. मी खिडकीतून पाहिलं आणि पेपर तपासायला बसलो. त्या दिवशी मी सगळ्यांना उदार हातानं गुण दिले. माझी नीतिमत्ता अशी नेहमी दुसऱ्याच्या खात्यात जमा होते.

त्यांनी कमळाकरशेठची गाडी मागवून घेतली आणि सगळा रंग धातूपर्यंत खरवडून काढला. दोन दिवस नुसती उन्हात ठेवली असती, तरी हळदीचा डाग आपोआप फिका पडला असता. ते कोणी सांगितलं नाही. सांगू शकणारा माणूस समोरच्या घरात होता.

विनोद मात्र पायी चालत कशेळीपर्यंत गेला. त्याला मी मदतही केली. पुढच्या प्रत्येक हळदीत मला तो सांगायचा आग्रह होई आणि मी आढेवेढे घेऊन सांगे. दरवेळी त्यात नवीन भर पडे. पुढे पुढे इंजिनानं मंगळसूत्रही मागितलं. एकनाथरावांना लोक 'कुंकूवाले' म्हणू लागले. गिऱ्हाईक भाग घेताना डोळा मारून विचारी, "शेठ, ह्याच्यात कुंकू तर नाय ना?"

ते त्यांनी सोसलं असतं. माणूस चेष्टेला घाबरणारा नव्हता. पण त्यांचा स्वतःच्या हातावरचा विश्वास गेला होता, आणि त्याला औषध नव्हतं. तयार झालेला भाग ते देईनासे झाले. आधी पाण्यात भिजत घालत. मग गरम पाण्यात. मग मिठाच्या पाण्यात. दुकानभर बादल्या आणि बादल्यांत लोणच्यासारखी मुरत पडलेली झाकणं. एकदा मी विचारलं, "एकनाथराव, सुटला का कधी?"

"आज नाय सुटला," ते म्हणाले. "उद्याचं कोण सांगतो?"

एकदाही सुटला नाही. कोणतीही बादली कधी लाल झाली नाही. तरी त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांना वाटे, सुटण्याचं काहीतरी कारण असणार आणि ते आपल्याला कळत नाही. ते कारण ठाऊक असलेला माणूस समोर उभा राहून त्यांच्याशी क्रिकेटबद्दल बोलत असे. गिऱ्हाईक चेष्टेमुळे तुटलं नाही, वाट बघून तुटलं. हळदी यायच्या आणि जायच्या, झाकणं बादलीतच. शेवटी दुकान बंद झालं. एकनाथराव मानकोलीला गोदामांची लोखंडी रॅक रंगवणाऱ्या शेडमध्ये कामाला लागले. तिथे एकच रंग होता, करडा. तीन प्रकारचं सोनं ओळखणारा माणूस दिवसभर करडा फवारत होता, आणि गोदामात ते रॅक अंधारात, मालाच्या मागे. बघायला कोणीच नाही.

माझं नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. आठवीत नेहमीप्रमाणे हळदीचा कागद लाल केला. मुलं ओरडली. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिला गावातल्या सगळ्यांसारखा माझा विनोद पाठ होता.

"सर, मग त्या पाटलांच्या गाडीचं पण असंच झालं असेल ना?"

मी म्हणालो, खाली बस, पुढचा प्रयोग. विज्ञान शिक्षकानं दिलेलं याहून शास्त्रशुद्ध उत्तर शोधूनही सापडणार नाही.

त्याच आठवड्यात मी मानकोलीला गेलो. दुपारच्या सुट्टीत एकनाथराव शेडच्या बाहेर डबा खात बसले होते. मिशी पुन्हा ठेवलेली नव्हती. चेहरा मला अजूनही अर्धवट वाटे. मी पिशवीतून पांढरा रंग दिलेली पत्र्याची पट्टी काढली, हळद लावली, सोड्याचं पाणी ओतलं. लाल ओघळ पट्टीवरून त्यांच्या डब्याच्या झाकणात गेला. ते जेवायचे थांबले. मी लिंबू पिळलं. पिवळं.

त्यांनी पट्टी माझ्या हातातून घेतली. पुन्हा सोडा, पुन्हा लिंबू. मग पुन्हा. सोड्याचं पाणी संपेपर्यंत करत राहिले. मग पट्टी बाजूला ठेवली आणि कोणाला तरी सांगावं तसं, पण माझ्याकडे न बघता म्हणाले, "प्रायमर नव्हता."

"नाही," मी म्हणालो.

"माझा हात नव्हता."

"नाही."

त्यांनी डबा बंद केला. नळावर जाऊन झाकण धुतलं. परत येऊन विचारलं, "तुम्हाला कधी कळलं, मास्तर?"

वाटेत मी या प्रश्नाची तीन-चार चांगली उत्तरं तयार केली होती. "तेव्हाच," मी म्हणालो.

ते माझ्याकडे बघत राहिले. घासलेल्या भागाकडे बघत तसे, काही दिसतंय का ते शोधत. मग म्हणाले, "विनोद माइकवर केलात. आणि हे कानात सांगायला आलात."

सुट्टी संपल्याची घंटा झाली. ते उठले आणि आत गेले.

मी माइकवरही सांगितलं. कमळाकरशेठच्या धाकट्या मुलाच्या हळदीला मुद्दाम गेलो, माइक मागून घेतला आणि सगळं सांगितलं. सोडा, हळद, लिंबू, तांबटांचा रंग सुटलाच नव्हता, चूक माझी. मांडव आधीपेक्षा जास्त हसला. त्यांना वाटलं, जुन्या विनोदाची ही वाढवलेली आवृत्ती आहे. कमळाकरशेठ डोळे पुसत म्हणाले, "मास्तर, लिंबाचा नवीन टाकलात. बेस झाला ह्या." मग कोणीतरी मंगळसूत्राचं विचारलं. इतकी वर्षं ज्या लोकांना मी हसायला शिकवलं ते आता माझ्याकडून दुसरं काही शिकायला तयार नव्हते. विद्यार्थी चांगले निघाले.

म्हणून हे कागदावर लिहितो आहे. कागदाला टाळ्या वाजवता येत नाहीत, ही त्याची एक चांगली सोय. एकनाथ तांबटांच्या हातून कोणत्याही इंजिनावरचा कोणताही रंग कधीही सुटला नाही. हे मी विज्ञानाचा शिक्षक म्हणून सांगतो, आणि या बाबतीत माझा शब्द किती उशिरा येतो ते आता सगळ्यांना कळलंच आहे.

एकनाथराव आता नाहीत. ते गेल्याचं मला महिन्याभरानं कळलं. शेडबाहेरच्या त्या भेटीनंतर त्यांना मी एकदाच पाहिलं, तेही लांबून. मी रिक्षात होतो आणि मानकोलीच्या नाक्यावर ट्रॅफिक अडकलं होतं. पुढे एक गाडी बंद पडून उभी होती, बॉनेट वर, आतून वाफ येत होती. मागून हॉर्न वाजत होते, ट्रकवाले शिव्या देत होते. ड्रायव्हर फोनवर कोणाला तरी ओरडत होता. कामावरून परतणारे एकनाथराव रस्त्याच्या कडेनं चालले होते. ते थांबले, वाकून आत बघितलं. ड्रायव्हरनं फोन कानापासून काढून आशेनं विचारलं, "चाचा, मिस्त्री हो क्या?"

त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. मग खिशातून रुमाल काढला, इंजिनाच्या झाकणावर हात धरून ते किती गरम आहे ते पाहिलं, आणि वरची धूळ पुसायला लागले. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून, घाई न करता. ड्रायव्हर बघतच राहिला. माझी रिक्षा हलली तेव्हा अर्धं झाकण स्वच्छ झालं होतं, आणि गाडी अजून बंदच होती.